साबुदाणा भिजेपर्यंत: माउंट शास्ताच्या दोन खेपा

मला बर्फ पहिल्यांदा दिसला तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि त्यावर न पडता उभं राहता आलं ते अडतिसाव्या. मूळची मी साताऱ्याची. कॉलेजात असताना सुट्टी मिळाली की सह्याद्री, मग नोकरी, लग्न आणि कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉंट. मुलाला टाहोच्या बर्फाळ डोंगरांत स्कीच्या शिकवणीत सोडायचं आणि आपण कॉफीचा कप धरून काचेतून बघत बसायचं, असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मीही भाड्यानं स्नोबोर्ड घेतला, म्हणजे दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायची फळी. पुढचे पाच सीझन लिफ्टच्या टांगत्या पाळण्यातून वर, बोर्डवर खाली.

लिफ्ट नसलेल्या डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढायचं आणि तिथून बोर्डवर उतरायचं, तेही माउंट शास्तावरून, ही कल्पना माझ्या मैत्रिणीची. हे लिहिताना ती शेजारी असती तर म्हणाली असती, "खोटं बोलू नकोस, फोटो आधी तूच पाठवला होतास."

असो. परत येऊन दहा दिवस झालेत. जायच्या आधी मी मराठीत शोधलं तेव्हा मला काही सापडलं नव्हतं, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

शास्ता उत्तर कॅलिफोर्नियात आहे. उंची १४,१७९ फूट, म्हणजे ४,३२२ मीटर. आय-५ हायवेनं रेडिंग मागे टाकलं की एका वळणावर तो अचानक समोर येतो आणि आजूबाजूला त्याच्या बरोबरीचं कुणीच नसतं. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून येऊन घावनासारखा पसरला, थरावर थर. हा मात्र खळ्यातल्या राशीसारखा वर चढत गेलेला. शेवटचा उद्रेक सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचा मानतात, म्हणजे झोपलाय, मेलेला नाही. विनेमेम विंटू आणि तिथल्या इतर मूळ रहिवाशांना हा डोंगर पवित्र आहे. पायथ्याच्या गावात स्फटिक विकणारी दुकानंही भरपूर दिसली. त्यांच्याबद्दल माझं काही मत नाही, त्यातल्या एकाच्या शेजारी कॉफी चांगली मिळाली एवढं खरं.

आमची वाट ॲव्हलांच गल्चची. गल्च म्हणजे घळ, आणि ॲव्हलांच म्हणजे हिमस्खलन. आईला फोनवर "एक घळ आहे, तिथून चढतात" एवढंच सांगितलं.

तयारी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, कारण ॲव्हलांचचा लेव्हल-१ कोर्स केल्याशिवाय मैत्रीण मला सोबत न्यायला तयार नव्हती. आधी घरी बसून ऑनलाइन धडे, मग टाहोला तीन दिवस. मला फी साधारण साडेसहाशे डॉलर पडली. जागा मिळवायची तर नाव ऑक्टोबरमध्येच नोंदवा. मी डिसेंबरमध्ये जागी झाले आणि कुणीतरी रद्द केलेली जागा केवळ नशिबानं मिळाली. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी कळलं की बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. बोर्डवर घसरायला मजा येते तो नेमका हाच उतार. दुसऱ्या दिवशी बर्फात पुरलेली पिशवी बीकननं (गाडलेल्याचा रेडिओ संकेत पकडणारं यंत्र) शोधून, प्रोबनं (लांब सळई) टोचून, फावड्यानं उकरून काढायची होती. गाडला गेलेला माणूस जिवंत हाती लागायची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. मला अकरा मिनिटं लागली ती फक्त पिशवी कुठे आहे ते कळायला, उकरणं त्यानंतर. शिक्षक शांतपणे म्हणाला, पुन्हा कर. पाचव्या वेळेला चार मिनिटांवर आले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

सामानाचा हिशेब सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. स्प्लिटबोर्ड म्हणजे उभा दुभंगणारा स्नोबोर्ड. चढताना त्याच्या दोन पट्ट्या पायांत स्कीसारख्या घालायच्या, वर जाऊन पुन्हा जोडायच्या. पट्ट्यांच्या पोटाला चिकटवायच्या स्किन्स असतात. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर अडतो, तसंच. म्हणून पुढे सरकता येतं आणि मागे घसरत नाही. हे सगळं मी बाइंडिंगसकट (बूट अडकवायच्या पकडींसकट) सातशे डॉलरला वापरलेलं घेतलं. बीकन, प्रोब आणि फावडं मात्र नवं, तिन्ही मिळून साडेचारशेच्या आसपास. यात काटकसर करू नका. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात), आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि हेल्मेट डोंगराखालच्या गावातून भाड्यानं घ्यायचं ठरलं. त्याचा किस्सा पुढे येतोच.

सरावाला आमची घरची टेकडी, मिशन पीक. फेब्रुवारीपासून दर शनिवारी पाठीवर बोर्ड बांधून वर जायचे. एप्रिलच्या उन्हात, हिरव्या टेकडीवर, स्नोबोर्ड घेऊन चढणारी बाई. लोकांनी फोटो काढले. एका काकांनी थांबवून गुजरातीत विचारलं की वर बर्फ पडलाय का.

आम्ही तिघं होतो. मैत्रीण स्कीवर, मी बोर्डवर आणि तिच्या ऑफिसातला एक सहकारी. छातीपर्यंत दाढी आणि दिवसाला दहा वाक्यं, म्हणून आम्ही दोघी आपापसात त्याला बुवा म्हणायचो. बुवांनी हा डोंगर आधी सहा-सात वेळा केला होता. निघण्याआधी एकच नियम ठरला: तिघांतलं कुणीही नको म्हणालं तर परतायचं, कारण विचारायचं नाही.

परवान्यांचं प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. लॉटरी नाही, महिनोन्‌महिने आधीची नोंदणी नाही. वाइल्डरनेस परमिट फुकट असतं आणि आपणच भरायचं. बनी फ्लॅटला, जिथून चढाई सुरू होते, तिथे फॉर्म ठेवलेले असतात. १०,००० फुटांच्या वर जायचं तर समिट (शिखर) पास वेगळा, तेव्हा तीन दिवसांचा २५ डॉलर. आम्ही पाकिटात रोख घालून पेटीत टाकले. सुटे पैसे जवळ ठेवा, तिथे मोड द्यायला कुणी बसलेलं नसतं. वर्षभराचा पास ३० डॉलरला मिळत होता. मी पहिल्या खेपेला २५ वाला घेतला, पाच डॉलर वाचवले म्हणून. दुसऱ्या खेपेला पुन्हा २५. मैत्रीण अजून हसते.

तिसरी गोष्ट म्हणजे पिशवी. वर शौचाचं जे काही कराल ते खाली आणायचं, हा नियम आहे. त्यासाठी फुकट संच मिळतो: पसरायला मोठा कागद, कागदी पिशवीत मांजराच्या पेटीत घालतात ती वाळू आणि वरून बंद करायला प्लास्टिकची पिशवी. मी लाजत एक उचलली. बुवांनी काही न बोलता माझ्या हातात आणखी दोन ठेवल्या. तिन्ही लागल्या, एवढंच लिहिते.

पहिली तारीख ४ मेची होती. ती गेली. त्या शनिवारी मे महिन्यात अवेळी वादळ आलं, टाहोच्या बाजूला दोन फुटांच्या वर बर्फ पडला. आम्ही घरी बसून शास्ताच्या ॲव्हलांच सेंटरचं पत्रक वाचत होतो. सवय नसताना ते पत्रक म्हणजे पंचांग वाचल्यासारखं वाटतं, पण रोज वाचलं की कळायला लागतं. नवीन बर्फ, त्यावर ऊन, म्हणजे ओल्या सैल बर्फाच्या घसरंडी.

पुढच्या शुक्रवारी, १० मेला निघालो. फ्रीमॉंटहून जवळजवळ पाच तास. गावात क्रॅम्पॉन घेतले. स्नोबोर्डचे बूट पुढून रुंद आणि मऊ असतात, त्यामुळे त्यावर क्रॅम्पॉन नीट बसत नाहीत. दुकानात घाईघाईत मापं झाली, मीही बूट गाडीत ठेवून फक्त साइज सांगितला. तुम्ही असं करू नका. आपले बूट घालून, क्रॅम्पॉन बांधून, दुकानाच्या दारातच पाय आपटून बघा.

बनी फ्लॅट ६,९५० फुटांवर आहे. म्हणजे पार्किंगच कळसूबाईच्या वर. तिथून वर हॉर्स कॅम्पला सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेची दगडी झोपडी आहे, १९२२-२३ मध्ये बांधलेली. तिच्याशेजारी तंबू ठोकता येतो. आम्ही त्या दिवशी तिथेच राहिलो, ७,९०० फुटांवर. रात्री दहाच्या सुमारास तंबूबाहेर आले तर कॅसावल रिज या डोंगरधारेच्या माथ्यावर आभाळ गुलाबी. कॅलिफोर्नियात राहून माणसाला आधी एकच सुचतं. मी ओरडले, "अगं उठ, वणवा लागलाय!" मैत्रीण बाहेर आली, बुवाही आले. गुलाबी रंग हळूहळू वर सरकला, त्याच्यात जांभळ्या रेघा आल्या, पुन्हा विरल्या. वणवा असा हलत नाही. आजूबाजूच्या तंबूंतून एकेक जण बाहेर येऊन माना वर करून उभा राहिला. सूर्यावरच्या मोठ्या वादळामुळे त्या रात्री एरवी दिसत नाही इतक्या दक्षिणेपर्यंत उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश, ऑरोरा, दिसला, हे खाली आल्यावर कळलं. फोटो काढायचंही सुचलं नाही. बुवांनी दिवसाचं अकरावं वाक्य खर्च केलं: "झोपा आता."

पहाटे दोनला उठलो आणि पहिल्याच पावलाला कळलं. वर पापडासारखं कवच, पाय टाकला की मोडतं आणि गुडघ्यापर्यंत ओल्या भुग्यात. रात्रभर बर्फ गोठलाच नव्हता. वसंतातलं सगळं गणित या गोठण्यावर आहे. रात्री बर्फ कडक झाला पाहिजे, पहाटे त्यावरून क्रॅम्पॉननं चढायचं, मग उन्हानं वरचा इंचभर मऊ झाला की उतरायचं. गोठलाच नाही तर चढताना हाल, आणि दिवस वर आला की सगळा उतार ओला होऊन सुटायला लागतो. तरीही हेलन लेकपर्यंत गेलो. नाव तळ्याचं, पण १०,४०० फुटांवर दिसतं ते बर्फाखाली गेलेलं सपाट मैदान, त्यावर तंबूंची जत्रा. तिथून थोडं वर चढत असताना माझा उजवा क्रॅम्पॉन बुटावरून सुटला आणि पट्ट्याला लोंबकळत राहिला. उतार फार नव्हता, बर्फही मऊ होता, म्हणून पुढे काही झालं नाही. पण मी तिथेच बसले. कवटीच्या मागे डोकं ठणकत होतं, हात कापत होते. मी म्हणाले, "मला नको." कुणी कारण विचारलं नाही.

उतरताना बोर्डवर आले खरी, पण ती ओल्या सिमेंटवर चालवलेली सायकल होती. साडेदहाच्या सुमारास हॉर्स कॅम्पला तंबू गुंडाळत होतो तेव्हा वर आवाज झाला, खडी भरलेला ट्रक रिकामा केल्यासारखा. कड्याखालून ओल्या बर्फाचा एक लोट सुटून पंख्यासारखा पसरत थांबला. लहानच होता, त्याच्या वाटेत कुणी नव्हतं. दोन तासांपूर्वी आम्ही मात्र तिथून फार लांब नव्हतो.

त्या दिवशी घरी येताना गाडीत मी ठरवलं होतं की झालं, बास. पेट्रोल, भाडं, पास धरून माझ्या वाट्याचे तीनशे डॉलर गेले आणि मिळालं काय, तर गुडघ्याला सूज. चार दिवसांनी मैत्रिणीचा मेसेज: बुधवार-गुरुवार, २२-२३ मे, रात्री थंड आहेत, पौर्णिमा आहे, आणि पुढच्या वीकेंडला मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी होईल त्याच्या आधी होऊन जाईल. मी रजेचा अर्ज आधी टाकला, नवऱ्याला नंतर विचारलं.

दुसऱ्या खेपेला तीन गोष्टी बदलल्या. क्रॅम्पॉन बुटांसकट तपासून घेतले, मागच्या पट्ट्याला एक जास्तीची गाठ मारली. आदल्या रात्री गावात झोपून बुधवारी सावकाश चढलो, हेलन लेकला चार वाजता पोचून तंबू लावला. आणि पाणी मोजून प्यायले, तासाला अर्धा लिटर. १०,४०० फुटांवर पाणी म्हणजे बर्फ वितळवणं. पातेल्यात कोरडा बर्फ टाकून गॅस पेटवला तर तो तळाला करपतो आणि पाण्याला जळकट वास येतो. तळाशी घोटभर पाणी ठेवून वरून बर्फ घालत राहायचं. तिघांचं पाणी व्हायला दीड तास लागला. खाण्यात शेंगदाण्याचे लाडू कामाला आले, दगड झाले तरी तोंडात धरले की विरघळतात. भडंग नेऊ नका. पुडा उघडला आणि वाऱ्यानं अर्धा डोंगराला नैवेद्य दाखवला.

२३ मे, गुरुवार. पहाटे दोनला उठलो, तीनला निघालो. पौर्णिमेचा चंद्र नैर्ऋत्येला कलला होता, घळीचं तोंडही तिकडेच, त्यामुळे हेडलॅम्प लावायची गरजच पडली नाही. स्वतःची सावली पुढे टाकत चढत होते. बर्फ या वेळी असा गोठला होता की क्रॅम्पॉनचे दात करकरत आत जायचे आणि पाव इंचावर थांबायचे. चढायला सोपं, पडायला वाईट. ६ जून २०२२ ला याच घळीत, असाच काचेसारखा बर्फ असताना, एका दिवसात बरेच जण घसरले आणि एका गाइडचा जीव गेला. आइस ॲक्स रोवून स्वतःला थांबवायचा सराव आम्ही आदल्या संध्याकाळी तंबूजवळच्या उतारावर तासभर केला होता. पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून. यूट्यूबवर बघून कळतं असं वाटतं, अंगात येत नाही.

हेलन लेकच्या वर उतार ३५ अंशांच्या आसपास होतो आणि तो संपतच नाही. आधीच्या लोकांच्या पावलांच्या पायऱ्या पडलेल्या असतात, त्यातून एक पाऊल, एक श्वास. पाठीवरचा बोर्ड वाऱ्यात शिडासारखा फिरतो आणि माणसाला सोबत फिरवतो. वर लाल-नारिंगी कडे दिसतात, रेड बँक्स. ज्वालामुखीतून उडालेल्या प्यूमिसचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचे, हातानं चुरा होईल असे. ऊन लागलं की त्यातून दगड आणि बर्फाचे तुकडे सुटतात, म्हणून ऊन यायच्या आत त्यांच्यातून पार व्हायचं. आपल्याकडे नाळ म्हणतात तशा त्यात अरुंद वाटा आहेत. पावणेआठला मी अशाच एका नाळेत दोन्ही हात-पाय लावून होते आणि डोक्यात मात्र विनाकारण कांदेपोह्यांचा वास येत होता.

रेड बँक्सच्या वर बोर्ड आणि स्की ठेवल्या. पुढची चढण, तिचं नाव मिझरी हिल, वाऱ्यानं खरवडून ठिकठिकाणी दगड उघडे पडलेले. तिथे बोर्ड नेण्यात अर्थ नव्हता. मिझरी हिलबद्दल सांगण्यासारखं काही नाही, नावातच आलं. वर पोचलं की शिखर आलं असं वाटतं, आणि समोर एक सपाट पठार व त्याच्या टोकाला खडकाचा सुळका. त्या सुळक्याच्या पायथ्याशी गंधकाचा वास आला. बर्फात एक पिवळट-करडी ओली जागा, त्यातून वाफ, चिखल बुडबुडतोय. १८७५ च्या एप्रिलअखेरीस निसर्गलेखक जॉन म्यूर आणि त्याचा साथीदार वादळात अडकून रात्रभर याच गरम चिखलात पडून राहिले होते. खालून भाजत आणि वरून गोठत. मी हातमोजा काढून वाफेपाशी हात नेला. वाफ गरम होती, कुंद होती, मळमळायला लावणारी होती. पाच मिनिटांत तिथून निघाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी शिखरावर होतो. जागा छोटी, वारा भयंकर. चारेक मिनिटं थांबलो, मैत्रीण माझ्या कानात काहीतरी ओरडली, ऐकू आलं नाही.

सव्वाअकराला परत बोर्डांपाशी. आता उतरायचं म्हणून मी बोर्ड जोडायला घेतला, तर बुवा पाठपिशवीवर बसले आणि म्हणाले, थांबायचं. काठीचं टोक उतारावर आपटून दाखवलं. टक्. पत्र्यावर आपटल्यासारखं. थंड वाऱ्यामुळे बर्फ अजून सुटला नव्हता.

सह्याद्रीत लागलेली सवय अशी की माथा झाला की ऊन चढायच्या आत खाली पळायचं. इथे उलटं. १२,८०० फुटांवर, वाऱ्याला पाठ करून, बर्फ नरम व्हायची वाट बघत बसायचं. पाय गार पडत होते, आणि हाडाचा ट्रेकर मनात ओरडत होता की निघ. आमच्या शेजारून दोन तरुण मुलं स्कीवर निघाली. पुढची दोन मिनिटं त्यांच्या स्कीच्या कडांचा आवाज येत राहिला, पत्र्यावरून सळई ओढल्यासारखा. नीट गेली ती. मला तसं जाता आलं नसतं.

दर दहा मिनिटांनी बुवा उठून काठी टोचायचे. मी एकदा हातमोजा काढून वरचा बर्फ चिमटीत घेतला. अनेकदा वितळून-गोठून त्याचे गोल दाणे झालेले असतात. इंग्रजीत याला कॉर्न म्हणतात, मक्याचा दाणा. मला तो अजिबात मका वाटला नाही. तो साबुदाणा होता. सकाळी खिचडीसाठी भिजला की नाही हे बघायला आपण दाणा बोटांत दाबतो ना, अगदी तसा. साडेअकराला दाणा बाहेरून ओलसर पण आत टणक. पावणेबाराला दाबला तर चपटा झाला, पण मध्ये खडा राहिला. बाराला पाच कमी असताना तो न चिकटता, न चिखल होता, अलगद चेपला. मी मैत्रिणीला म्हणाले, "भिजला." तिनंही दाबून बघितला आणि मान हलवली. बुवांनी काठी आपटली. या वेळी आवाज आला, चर्र. याच्यापुढे अर्धा-पाऊण तास, फार तर तास. मग साबुदाण्याचा गिचका होतो.

रेड बँक्सची नाळ एकेकानं उतरायची, बाकीच्यांनी बाजूला थांबून बघायचं. बुवा गेले, मैत्रीण गेली. मी काठावर बोर्ड आडवा लावून उभी होते आणि खाली बघवत नव्हतं. पाय बांधलेले, खाली अडीच हजार फुटांचा एकसंध उतार, तळाला हेलन लेकचे तंबू मोहरीएवढे. पहिलं वळण मी घेतलंच नाही. आडवी घसरत, बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर, नाळ संपेपर्यंत इंच इंच आले. कुणी बघेल म्हणून लाज वाटत होती, आणि जे दोघं बघत होते त्यांना काही वाटत नव्हतं.

मोकळ्या उतारावर आल्यावर पंजांवर वजन टाकलं. बोर्ड फिरला. बर्फानं धरलं आणि सोडलं, दोन्ही मला हवं तेव्हा. वरचा इंचभर थर मऊ, खालचा पाया पक्का. कडेखालून दाणे सुटून माझ्या पुढे घरंगळत जात होते आणि त्यांचा आवाज येत होता, सुपातून धान्य पाखडल्यासारखा. दुसरं वळण, तिसरं. दहाव्यानंतर मोजणं सोडलं. मांड्या पेटल्या की थांबायचं, वर बघायचं, तिघं एकमेकांना दिसतोय ना ते पाहायचं, पुन्हा निघायचं. जे चढायला पाच तास लागले होते ते उतरायला पंचवीस मिनिटं, त्यातली निम्मी धापा टाकण्यात. एकदा पडले, हेलन लेकच्या जरा वर, अगदी सोप्या जागी, फोटोसाठी हात वर केला तेव्हा.

तंबू गुंडाळून पाठीवर घेतला आणि खालचा टप्पा सुरू केला तोवर गिचका झाला होता. त्यात वळता येत नाही, फक्त ढकललं जातं. हॉर्स कॅम्पच्या खाली बर्फाचे तुकडे तुकडे, मध्ये माती, मग बोर्ड पुन्हा पाठीवर. बनी फ्लॅटला चारला पोचलो. पहिलं काम तिन्ही पिशव्या तिथल्या ठरलेल्या डब्यात टाकणं. दुसरं, बूट काढणं. उजव्या पायाचं एक नख काळं झालं होतं. सनस्क्रीन मी तोंडभर लावलं होतं, पण बर्फावरून ऊन खालूनही येतं हे विसरले. नाकपुड्यांच्या आतून आणि हनुवटीखाली सालं निघाली. ओठ आठवडाभर तिखट खाऊ देत नव्हते.

रात्री गावातून आईला फोन लावला. तिकडे शुक्रवारची सकाळ होती. काल बुद्धपौर्णिमा होती, तिनं सांगितलं. मग विचारलं, "वर देऊळ आहे का गं?"

"नाही. गरम चिखल आहे."

"एवढं चढून चिखल?" ती जरा थांबली. "आणि ती घळ कसली म्हणाली होतीस?"

"नेटवर्क जातंय आई," मी म्हणाले.

आज २ जून. बोर्डला वॅक्स करून ठेवला, बीकनमधल्या बॅटऱ्या काढल्या (आत राहिल्या तर गळतात), भाड्याचं सामान त्याच दिवशी परत केलं होतं. स्किन्सचा गोंद खराब होऊ नये म्हणून त्या उन्हात नाही, सावलीत वाळवायच्या असतात, म्हणून बाथरूमच्या दांडीवर टांगल्या आहेत. नवरा रोज दात घासताना विचारतो, ही दोन मेलेली जनावरं कधी उचलणार आहेस?